बाहेरचा रेटा, आतली लोकशाही

हुकूमशाही संपून खऱ्या निवडणुका सुरू होतात, तो काळ अल्पसंख्याकांसाठी अनेकदा सर्वांत धोक्याचा ठरतो. नागरिक कोणाला म्हणायचे, सरकारी कामकाज कोणत्या भाषेत चालवायचे, प्रांतांच्या सीमा कुठे आखायच्या, शाळेत मुलांना कोणत्या भाषेत शिकवायचे, हे सगळे मूलभूत निर्णय त्याच दोन-चार वर्षांत होतात. न्यायालये अजून नवखी असतात, वृत्तपत्रे बिचकत असतात आणि बहुसंख्याकांच्या मनातली जुनी सल उकरून मते मिळवणे सोपे असते. ज्यांची संख्याच कमी, त्यांना मतपेटीतून हे निर्णय फिरवता येत नाहीत. अशा वेळी बाहेरच्या जगाने मध्ये पडावे का, पडले तर त्याचा उपयोग होतो का आणि झालेला उपयोग टिकतो का, हे तीन प्रश्न गेल्या पस्तीस वर्षांत पुन्हा पुन्हा उभे राहिले आहेत.

या अनुभवातून निघणारी गोष्ट सुरुवातीलाच सांगतो. कायदा बदलून घेण्याची ताकद बाहेरच्या रेट्यात नक्की असते. तो कायदा पाळला जाईल की नाही, हे मात्र देशातल्या सत्तेत अल्पसंख्याकांना जागा मिळाली का, यावर ठरते. आणि ज्या समाजामागे कोणताही शेजारी देश उभा नसतो, त्याच्या वाट्याला बाहेरची मदत सर्वांत उशिरा आणि सर्वांत कमी येते. या तिसऱ्या मुद्द्याची मला सर्वांत जास्त काळजी वाटते.

राष्ट्रसंघाचा फसलेला प्रयोग

नव्या लोकशाहीला बाहेरून अटी घालण्याचा पहिला मोठा प्रयत्न पहिल्या महायुद्धानंतर झाला. १९१९ मध्ये पोलंडला स्वातंत्र्याच्या मान्यतेबरोबरच अल्पसंख्याकांच्या संरक्षणाच्या करारावर सही करावी लागली. चेकोस्लोव्हाकिया, रुमानिया, युगोस्लाव्हिया, ग्रीस यांच्याशीही असेच करार झाले. देखरेखीचे काम राष्ट्रसंघाकडे होते आणि अल्पसंख्याकांना त्याच्याकडे तक्रारअर्ज करता येई.

ही व्यवस्था दोन कारणांनी कोसळली. एक तर हे करार फक्त नव्या आणि दुबळ्या देशांवर लादलेले होते. ब्रिटन, फ्रान्स किंवा इटलीने स्वतःवर असे कोणतेच बंधन घेतले नव्हते. ज्यांच्यावर लादले त्यांना तो अपमान वाटला आणि १९३४ मध्ये पोलंडने या देखरेखीला सहकार्य करणार नसल्याचे जाहीर केले. दुसरे कारण अधिक घातक होते. ‘आपल्या’ लोकांचा छळ होतो आहे असे म्हणत हिटलरने सुडेटनलँडचा प्रश्न पेटवला आणि १९३८ च्या म्युनिक करारात चेकोस्लोव्हाकियाचे लचके तोडले. त्यानंतर अल्पसंख्याकांचे हक्क हा शब्दप्रयोगच राज्यकर्त्यांना नकोसा झाला. १९४८ च्या मानवी हक्कांच्या जाहीरनाम्यात अल्पसंख्याकांसाठी स्वतंत्र कलम नाही. १९६६ च्या नागरी व राजकीय हक्कांच्या करारात कलम २७ आले, तेही जपून बेतलेल्या भाषेत.

१९९० नंतरची यंत्रणा

साम्यवादी राजवटी कोसळल्या आणि युगोस्लाव्हियात रक्तपात सुरू झाला, तेव्हा चित्र पालटले. जून १९९० मध्ये युरोपीय सुरक्षा व सहकार्य परिषदेने कोपनहेगनच्या दस्तऐवजात अल्पसंख्याकांच्या हक्कांवर स्वतंत्र प्रकरण घातले. १९९२ मध्ये त्याच परिषदेने ‘राष्ट्रीय अल्पसंख्याकविषयक उच्चायुक्त’ हे पद निर्माण केले. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांचा अल्पसंख्याकांविषयीचा जाहीरनामा आला. जून १९९३ मध्ये युरोपीय संघाने नव्या सदस्यांसाठी निकष ठरवले आणि लोकशाही, कायद्याचे राज्य यांच्या जोडीला ‘अल्पसंख्याकांचा आदर व संरक्षण’ ही अट घातली. १९९५ मध्ये युरोप परिषदेची राष्ट्रीय अल्पसंख्याकांच्या संरक्षणाची चौकट-संहिता सह्यांसाठी खुली झाली आणि १९९८ पासून ती लागू झाली.

राजकीय तत्त्वज्ञ विल किमलिका यांनी या सगळ्यातला एक ताण नेमका दाखवला आहे. पश्चिम युरोपला न्यायाची जितकी आस होती, त्याहून दुसऱ्या युगोस्लाव्हियाची धास्ती मोठी होती. उच्चायुक्ताचे पदच मुळी संघर्ष टाळण्यासाठी होते. अल्पसंख्याकांचा वकील म्हणून ते नेमलेले नव्हते. त्यामुळे जिथे स्फोटाची शक्यता, तिथे लक्ष. जिथे लोक मुकाट्याने सोसत होते, तिथे दुर्लक्ष, असा कल पहिल्यापासून राहिला.

बाल्टिक देश: नागरिकत्वाचा पेच

एस्टोनिया आणि लाटविया हे या पद्धतीचे सर्वांत कसोटीचे प्रयोग. १९४० मध्ये सोव्हिएत संघाने हे देश गिळले, हजारोंना सायबेरियात धाडले आणि पुढच्या दशकांत रशियन भाषकांची मोठी वस्ती तिथे वसली. १९८९ च्या जनगणनेत लाटवियात लाटवियन लोक जेमतेम ५२ टक्के उरले होते. स्वातंत्र्य मिळताच दोन्ही देशांनी १९४० पूर्वीचे नागरिक आणि त्यांचे वंशज यांनाच आपोआप नागरिक मानले. बाकीच्यांना, त्यांचा जन्म तिथलाच असला तरी, अर्ज करून भाषेची परीक्षा द्यावी लागणार होती. एकट्या लाटवियात सात लाखांहून अधिक माणसे नागरिकत्वाबाहेर राहिली. इथे दोन्ही बाजूंच्या वेदना खऱ्या होत्या, हे विसरता कामा नये. आपल्याच देशात आपली भाषा बुडेल ही लाटवियन माणसाची भीती इतिहासातून आलेली होती. आणि चाळीस वर्षे ज्या गावातल्या कारखान्यात काम केले, तिथेच आपण परके ठरलो हे रशियन भाषक कामगाराचे दुःखही तितकेच खरे होते.

पहिली ठिणगी एस्टोनियात पडली. जून १९९३ मध्ये तिथल्या संसदेने परकीयांविषयीचा कायदा मंजूर केला. राष्ट्राध्यक्ष लेनार्ट मेरी यांनी त्यावर सही न करता तो युरोपीय संस्थांकडे अभिप्रायासाठी पाठवला. उच्चायुक्त माक्स फान डेर स्टूल, नेदरलँड्सचे माजी परराष्ट्रमंत्री, यांनी बदल सुचवले आणि जुलैत दुरुस्त कायदा आला. तेवढ्यात रशियाच्या सीमेवरच्या नार्वा शहराने आणि शेजारच्या सिल्लामेने स्वायत्ततेसाठी सार्वमत पुकारले होते. स्टूल यांनी दोन्ही बाजूंकडे फेऱ्या मारून दोन वचने मिळवली: सरकार बळाने सार्वमत रोखणार नाही आणि शहरांचे नेते न्यायालयाचा निर्णय मानतील. सार्वमत झाले, न्यायालयाने ते बेकायदा ठरवले आणि कोणी रस्त्यावर उतरले नाही. शांत, चिकाटीच्या मुत्सद्देगिरीचे इतके स्वच्छ उदाहरण क्वचित सापडते.

लाटवियात काम अधिक चिवट होते. १९९४ च्या नागरिकत्व कायद्याच्या पहिल्या मसुद्यात दरवर्षी किती जणांना नागरिक करायचे याचा कोटा होता. राष्ट्राध्यक्ष गुंतिस उल्मानिस यांनी तो परत पाठवला आणि कोटा गेला. त्याच्या जागी वयोगटानुसार पाळी लावणारी ‘खिडक्यां’ची पद्धत आली. स्टूल वर्षानुवर्षे परराष्ट्रमंत्र्यांना पत्रे लिहून ती रद्द करण्याचा आग्रह धरत होते. युरोपीय संघाचे दार जवळ आले तशी त्या पत्रांना धार आली. १९९८ मध्ये संसदेने खिडक्या रद्द केल्या आणि स्वातंत्र्यानंतर जन्मलेल्या नागरिकत्वहीन मुलांना सोप्या मार्गाने नागरिकत्व देऊ केले. विरोधकांनी सार्वमत घडवून आणले. ३ ऑक्टोबर १९९८ रोजी सुमारे ५३ टक्के मतदारांनी या दुरुस्तीच्या बाजूने कौल दिला. बाहेरून आलेल्या सूचनेला घरच्या मतदाराने मान्यता दिली, ही या प्रकरणातली मोलाची बाब.

कागदावरचा नियम माणसापर्यंत पोचताना काय होते, याचा एक दाखला याच वर्षातला आहे. रशियन भाषक समाजातील एका महिलेने संसदेच्या निवडणुकीसाठी अर्ज भरला. लाटवियन भाषेचे रीतसर प्रमाणपत्र तिने जोडले होते. तरीही भाषा केंद्राची परीक्षक पूर्वसूचना न देता तिच्या कामाच्या ठिकाणी आली आणि तुम्ही याच पक्षाला पाठिंबा का देता, असेही तिने विचारले. दुसऱ्या दिवशी तीन अनोळखी साक्षीदार घेऊन ती परत आली आणि लाटवियनमध्ये निबंध लिहायला सांगितले. घाबरलेल्या उमेदवाराने लिहिणे अर्ध्यावर सोडून कागद फाडला. तिचे नाव यादीतून वगळले गेले. एप्रिल २००२ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने तिच्या बाजूने निर्णय दिला, आणि नेटोच्या सदस्यत्वाचा निर्णय समोर असलेल्या लाटवियाने पुढच्याच महिन्यात उमेदवारांवरची भाषेची अट उठवली.

स्लोव्हाकिया आणि रुमानिया: सत्तेतला वाटा

स्लोव्हाकियात तेव्हा हंगेरियन भाषक दहा टक्क्यांहून अधिक होते. १९९५ मध्ये व्लादिमिर मेचियार यांच्या सरकारने राज्यभाषेचा कडक कायदा आणला. हंगेरियन शाळांतील मुलांना पूर्वापार दोन भाषांत मिळणारी प्रगतिपुस्तके १९९७ मध्ये फक्त स्लोव्हाक भाषेत देण्याचा आग्रह सुरू झाला. एका पानावरच्या दुसऱ्या भाषेच्या ओळी काढून टाकल्याने राज्याचे काहीच साधत नव्हते. मुलाला मात्र लहानपणीच कळत होते की आपली भाषा सरकारला नको आहे. युरोपीय संघाने, उच्चायुक्ताने, युरोप परिषदेने वारंवार सांगूनही मेचियार हलले नाहीत. १९९७ मध्ये वाटाघाटींसाठी निवडलेल्या पहिल्या गटातून स्लोव्हाकिया वगळला गेला, तरीही नाहीत. सत्ता टिकवण्यासाठी त्यांना राष्ट्रवादी मते हवी होती आणि त्यापुढे ब्रुसेल्सचे आमिष फिके होते.

बदल घडवला तो मतदारांनी. १९९८ मध्ये मिकुलाश झुरिंडा यांचे आघाडी सरकार आले आणि त्यात हंगेरियन पक्ष सामील झाला. काही महिन्यांतच द्विभाषक प्रगतिपुस्तके परतली. १९९९ मध्ये अल्पसंख्याक भाषांच्या वापराचा कायदा आला. ज्या गावात २० टक्के वस्ती त्या भाषेची, तिथे सरकारी कचेरीत ती वापरता येणार होती. पण युरोपची मुदत गाठण्याच्या घाईत हा कायदा हंगेरियन पक्षाच्या संमतीशिवायच मंजूर झाला. ब्रुसेल्सचे समाधान झाले. ज्यांच्यासाठी तो केला, ते मात्र असमाधानी राहिले.

बेळगाव-खानापूरच्या वाचकाला हा टक्क्यांचा हिशेब ओळखीचा वाटेल. राज्य पुनर्रचनेनंतर भाषिक अल्पसंख्याकांसाठी आपल्याकडे जी सुरक्षा-योजना ठरली, तीत महत्त्वाची सरकारी सूचनापत्रे अल्पसंख्याक भाषेतही काढण्यासाठी १५ टक्के लोकसंख्येचा निकष आहे. नियम असूनही तो पाळला जावा म्हणून सीमाभागातल्या मराठी माणसाला किती अर्ज-विनंत्या कराव्या लागतात, हे सर्वज्ञात आहे. नियम आणि अंमलबजावणी यांच्यातले अंतर स्लोव्हाकियातही असेच होते.

रुमानियात १९९० च्या मार्चमध्ये तिर्गू मुरेश शहरात रुमानियन आणि हंगेरियन जमावांत रक्तरंजित दंगल झाली होती. १९९६ मध्ये हंगेरी-रुमानिया करार झाला, त्याच वर्षी सत्तांतर होऊन हंगेरियन पक्ष सरकारात गेला. त्यानंतर तो अनेक सरकारांचा भागीदार राहिला. भाषेच्या, शाळेच्या, विद्यापीठाच्या मागण्या आता चौकात न मांडता मंत्रिमंडळाच्या बैठकीत मांडल्या जाऊ लागल्या. जूडिथ केली यांनी २००४ च्या आपल्या पुस्तकात लाटविया, एस्टोनिया, स्लोव्हाकिया आणि रुमानिया या चार देशांचा बारकाईने अभ्यास करून दाखवले की, नुसत्या समजावणीपेक्षा सदस्यत्वाची अट कितीतरी प्रभावी ठरली. त्याला जोड एवढीच द्यावी लागेल की, अटीने दार उघडले आणि आघाडी सरकारांनी ते उघडे ठेवले.

मॅसेडोनियात ही जाण उशिरा आली. लोकसंख्येच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या अल्बेनियन समाजाला आपल्या भाषेत विद्यापीठ हवे होते. १९९५ मध्ये टेटोव्होत त्यावरून पोलिसांशी झालेल्या चकमकीत जीव गेला. २००१ मध्ये देश यादवीच्या तोंडाशी आल्यावर युरोप आणि अमेरिकेच्या मध्यस्थीने ऑह्रिडचा करार झाला: २० टक्क्यांहून अधिक लोकांच्या भाषेला अधिकृत दर्जा, नोकऱ्यांत वाटा आणि अल्पसंख्याकांशी निगडित कायद्यांना त्यांच्याही बहुमताची अट. त्याच वर्षी टेटोव्होत तीन भाषांत शिकवणारे विद्यापीठ सुरू झाले. त्यामागेही स्टूल यांचे अनेक वर्षांचे प्रयत्न होते.

सदस्यत्व मिळाल्यावर

१ मे २००४ रोजी लाटविया, एस्टोनिया, स्लोव्हाकिया युरोपीय संघात गेले आणि अटीचा जोर ओसरला. २००९ मध्ये स्लोव्हाकियाने भाषा कायद्यात ५,००० युरोपर्यंतच्या दंडाची तरतूद केली. लाटवियाने २०२० पासून जन्मलेल्या मुलांना आपोआप नागरिकत्व देऊन एक मोठी चूक दुरुस्त केली, पण २०२३ पासून शाळा टप्प्याटप्प्याने पूर्णपणे लाटवियन माध्यमात नेण्यास सुरुवातही केली. नागरिकत्वाबाहेरच्यांची संख्या आता दोन लाखांच्या आत आली आहे. तीही इतकी वर्षे लोटल्यावर.

युरोपच्या अटींचा नैतिक पाया मुळातच कच्चा होता. फ्रान्सने चौकट-संहितेवर सहीच केलेली नाही. ग्रीस आणि बेल्जियमने सही करूनही तिला मंजुरी दिलेली नाही. जे नियम जुने सदस्य स्वतःवर घेत नाहीत ते नव्यांनी पाळावेत, हा आग्रह राष्ट्रसंघाच्या काळातलाच अन्याय होता. पोलंडने १९३४ मध्ये जे बोलून दाखवले, तेच बाल्टिक राजधान्यांत वेगळ्या शब्दांत ऐकू येत होते.

ज्यांच्यामागे कोणी नव्हते

रोमा समाज मध्य आणि पूर्व युरोपात सर्वत्र आहे, पण त्याचा पाठीराखा देश कुठेच नाही. त्यांच्यासाठी ना कुणी सैन्य सीमेवर आणले, ना करार केले. चेक प्रजासत्ताकातल्या ऑस्ट्राव्हा शहरातली आकडेवारी युरोपीय मानवी हक्क न्यायालयापुढे आली तेव्हा दिसले की, रोमा मुलांपैकी ५०.३ टक्के मुले मंदबुद्धी मुलांसाठीच्या विशेष शाळांत घातली होती. इतर मुलांमध्ये हे प्रमाण १.८ टक्के होते. म्हणजे रोमा मुलाला अशा शाळेत टाकले जाण्याची शक्यता सत्तावीस पट. हा देश युरोपीय संघाची सगळी तपासणी पार करून २००४ मध्ये सदस्य झाला. न्यायालयाने भेदभाव झाल्याचा निर्णय दिला तो नोव्हेंबर २००७ मध्ये, खटला भरणारी मुले मोठी झाल्यावर.

बोस्नियात तर राज्यघटनाच १९९५ च्या डेटन शांतता करारातून, परक्यांच्या देखरेखीखाली आली. राष्ट्राध्यक्षपदाची तीन आसने बोस्नियाक, क्रोएट आणि सर्ब यांच्यासाठी राखीव. बाकीचे सगळे ‘इतर’. रोमा समाजातले देर्वो सेदिच आणि ज्यू समाजातले याकोब फिंची यांनी याविरुद्ध दाद मागितली आणि २००९ मध्ये युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने ही बंदी भेदभाव ठरवली. तो निकाल आजही अमलात आलेला नाही. युद्ध थांबवण्यासाठी जे तीन गट बंदुका घेऊन बसले होते त्यांची सोय झाली. ज्यांच्या हाती बंदूक नव्हती त्यांना घटनेत जागाच उरली नाही.

युरोपबाहेर

म्यानमारमध्ये २०११ पासून लष्कराने पकड सैल केली, तेव्हा जगाने त्याचे स्वागत करताना फार घाई केली. जून २०१२ मध्ये रोहिंग्या मुस्लिमांची वस्ती असलेल्या राखाइन प्रांतात हिंसाचार उसळला. युरोपीय संघाने तरीही एप्रिल २०१३ मध्ये शस्त्रबंदी वगळता सर्व निर्बंध उठवले. २०१४ च्या जनगणनेला संयुक्त राष्ट्रांचे साहाय्य होते. पण ऐनवेळी सरकारने शब्द फिरवला आणि स्वतःला रोहिंग्या म्हणवणाऱ्यांची नोंदच झाली नाही. २०१५ मध्ये त्यांची तात्पुरती पांढरी ओळखपत्रे रद्द झाली आणि त्याबरोबर मतदानाचा हक्कही गेला. म्हणजे २०१० च्या लष्करी देखरेखीखालच्या निवडणुकीत ज्यांना मत देता आले, त्यांना जगाने गौरवलेल्या २०१५ च्या निवडणुकीत ते देता आले नाही. कोफी अन्नान यांच्या आयोगाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी १९८२ च्या नागरिकत्व कायद्याचा फेरविचार करण्याची शिफारस केली. दुसऱ्याच दिवशी सशस्त्र गटाने चौक्यांवर हल्ले केले, लष्कराने गावेच्या गावे जाळली आणि सात लाखांहून अधिक लोक बांगलादेशात पळाले. गांबियाने आंतरराष्ट्रीय न्यायालयात दाद मागितली ती २०१९ मध्ये. लोकशाहीची घडी बसू दे, मग अल्पसंख्याकांचे पाहू, हा हिशेब किती महागात पडतो याचा याहून मोठा पुरावा नको.

नेपाळमध्ये बाहेरच्या निकषांचा आणि आतल्या आंदोलनांचा मेळ काही काळ जमला. २००७ मध्ये देशाने आदिवासी-जनजातींविषयीच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेच्या १६९ व्या करारास मंजुरी दिली. २००८ च्या ६०१ सदस्यांच्या संविधान सभेत ३३५ जागा प्रमाणशीर पद्धतीने भरल्या आणि दलित, तराई भागातले मधेसी, जनजाती, स्त्रिया यांना पूर्वी कधी नव्हते इतके प्रतिनिधित्व मिळाले. २०१५ च्या संविधानात मात्र मधेसींच्या मागण्या डावलल्या गेल्या. तराईत आंदोलन पेटले, भारताच्या सीमेवरची वाहतूक महिनोन्महिने खोळंबली. जानेवारी २०१६ मध्ये घटनादुरुस्ती झाली, पण भारताच्या नाराजीमुळे मधेसींच्या न्याय्य मागण्यांवर ‘परक्यांचे हस्तक’ असा शिक्का बसला. शेजाऱ्याचा कैवार अल्पसंख्याकांना अशा रीतीने अडचणीतही आणतो.

पुढे काय

या धोक्याचे टोक युक्रेनमध्ये दिसते. रशियन भाषकांच्या रक्षणाचे निमित्त सांगत रशियाने २०१४ मध्ये क्रिमिया घेतला आणि २०२२ मध्ये पूर्ण युद्ध पुकारले. त्याच वेळी युक्रेनच्या झाकारपात्या प्रांतातल्या हंगेरियन शाळांचा प्रश्न युक्रेनच्या युरोप-प्रवेशाशी जोडला गेला आणि डिसेंबर २०२३ मध्ये अल्पसंख्याक कायद्यात दुरुस्ती झाली. हंगेरियन भाषकांसाठी बुडापेस्ट होते. क्रिमियन तातारांसाठी कोण होते?

म्हणून बाहेरच्या संस्थांनी तीन गोष्टी केल्याच पाहिजेत. दुसऱ्याला लावलेला निकष आधी स्वतःला लावावा. अट घालताना नुसता कायदा मागू नये. ज्यांच्यासाठी कायदा, ते समाज मसुदा लिहिताना बैठकीत होते का, हे तपासावे. आणि आपल्या यशाचे मोजमाप स्फोट टळले यावरून न करता, ज्या समाजाला कोणी पाठीराखा नाही त्याच्या मुलांच्या शाळेवरून, ओळखपत्रावरून आणि मतदार यादीवरून करावे. निर्बंध उठवण्याआधी, मदत देण्याआधी, सदस्यत्व देण्याआधी हा प्रश्न विचारला गेला पाहिजे, कारण त्यानंतर तो विचारण्याची ताकद उरत नाही. हे करणे शक्य आहे. नार्वात एका माणसाच्या चिकाटीने ते करून दाखवले. तीच चिकाटी ऑस्ट्राव्हाच्या शाळेच्या आणि राखाइनच्या मतदान केंद्राच्या वाट्याला यायला हवी होती. पुढच्या देशात तरी ती वेळेवर पोचावी, याची जबाबदारी लोकशाहीचे नाव घेणाऱ्या प्रत्येक राष्ट्रावर आहे, आपल्यावरही.